डिप्लोमा परीक्षेसाठी मोठी रोमँटिक पियानोकृती कशी निवडावी

ब्रिटिश संगीत-परीक्षांची आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड उत्तीर्ण होऊन वर्ष-दीड वर्ष झाले की पियानोचा विद्यार्थी डिप्लोमाचा विचार करू लागतो, आणि त्याच्या मनात सर्वांत आधी येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: शोपँ घ्यावा, शूमान घ्यावा, लिस्त घ्यावा की ब्राम्स? बाखचा प्रेल्यूड आणि फ्यूग किंवा बेटहोव्हेनचा सोनाटा शिक्षकांच्या सल्ल्याने सहज ठरून जातो. रोमँटिक काळातली मोठी कृती मात्र विद्यार्थी स्वतःच्या मनाने निवडतो, किंबहुना ती एखाद्या ध्वनिमुद्रणात किंवा मैफलीत ऐकली त्या क्षणीच त्याने निवडलेली असते. ही ओढ मोलाची आहे, कारण पुढचे वर्षभर रोज दोन-तीन तास त्याच पानांसमोर बसायचे असते आणि नावडत्या कृतीबरोबर तेवढा काळ काढणे अशक्य असते. परंतु एखादी कृती ऐकायला आवडणे आणि ती परीक्षेच्या दिवशी, परक्या वाद्यावर, वीस-पंचवीस मिनिटांच्या वादनानंतर थकलेल्या हातांनी शेवटपर्यंत नेता येणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर कृती ठरवण्यापूर्वी कसे मोजावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

मी विद्यार्थ्यांना पहिली सूचना देतो ती अशी: जी कृती मनात असेल तिची शेवटची दोन पाने आधी वाजवून पाहावीत. बहुतेक जण उलट करतात. पहिले पान उघडतात, सुरुवातीची सुरेल धून दोन दिवसांत हाताखाली येते, आपल्याला ही कृती जमेल असा विश्वास वाटू लागतो, आणि चार महिन्यांनी कोडापर्यंत, म्हणजे कृतीच्या समारोपाच्या भागापर्यंत, पोहोचल्यावर खरी अडचण समोर उभी राहते. तोपर्यंत अर्ज भरलेला असतो, शुल्क भरलेले असते आणि मागे फिरण्याची वेळ निघून गेलेली असते. माझ्या स्वतःच्या डिप्लोमासाठी मी शोपँचे एफ मायनर बॅलड याच पद्धतीने निवडले होते. परीक्षा उत्तीर्ण झालो, परंतु शेवटच्या महिन्यांतला सगळा वेळ कोडाने खाल्ला, आणि ज्या मंद, विचारमग्न पानांसाठी मी ते बॅलड निवडले होते ती पाने कच्चीच राहिली. ही खंत अजून मनात आहे.

वेळेचा हिशेब

कोडाकडे वळण्यापूर्वी मिनिटांचा हिशेब करावा लागतो, कारण तो चुकला तर बाकीचे सगळे विचार व्यर्थ जातात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या एआरएसएम या डिप्लोमा परीक्षेत ३० मिनिटांचा कार्यक्रम सलग वाजवायचा असतो; त्यातली किमान २० मिनिटे मंडळाने प्रसिद्ध केलेल्या यादीतल्या रचनांची असावी लागतात आणि उरलेल्या वेळेत आठव्या ग्रेडच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाची, स्वतःच्या पसंतीची रचना चालते. ट्रिनिटी कॉलेज लंडन या दुसऱ्या मंडळाच्या एटीसीएल या डिप्लोमाचा कार्यक्रम साधारण ३५ मिनिटांचा आणि एलटीसीएल या त्यापुढच्या डिप्लोमाचा साधारण ४० मिनिटांचा असतो, शिवाय त्यासोबत लेखी कार्यक्रम-टिपण द्यावे लागते. मंडळे आपले अभ्यासक्रम अधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका स्वतः उतरवून घ्यावी आणि रचनांची यादी, कमाल व किमान वेळ आणि पुनरावृत्तीविषयीचा नियम हे तीन मुद्दे तिच्यात शोधून अधोरेखित करावेत. वरिष्ठ विद्यार्थ्याने सांगितलेल्या आठवणीवर या बाबतीत विसंबू नये.

आता कृतींची लांबी पाहू. शोपँचे बार्कारोल साधारण साडेआठ मिनिटांचे आहे. त्याची चार बॅलड सात ते बारा मिनिटांच्या दरम्यान येतात, बी फ्लॅट मायनर स्केर्झो दहा मिनिटांच्या आसपास आणि एफ मायनर फँटसी बारा-तेरा मिनिटांची. मेंडेल्सनची ‘व्हारियास्याँ सेरियोज’ अकरा-बारा मिनिटे घेतात. लिस्तचे ‘व्हाले द ओबरमान’ तेरा-चौदा मिनिटांवर जाते. शूमानचा जी मायनर सोनाटा अठरा मिनिटांच्या आगेमागे असतो, ब्राम्सच्या ओपस ११८ मधल्या सहा रचना मिळून बावीस ते चोवीस मिनिटे होतात, शोपँचा बी मायनर सोनाटा आणि ब्राम्सची हँडेलच्या धूनेवरची व्हेरिएशन्स (एकाच धूनेची बदलती रूपे) पंचवीस मिनिटे ओलांडतात, तर शूमानची सी मेजर फँटसी आणि लिस्तचा बी मायनर सोनाटा प्रत्येकी अर्ध्या तासाच्या घरात आहेत. म्हणजे यांतली शेवटची दोन नावे ३० मिनिटांच्या कार्यक्रमात घेतली तर परीक्षकाला आपली दुसरी कोणतीही बाजू ऐकवताच येत नाही. एकाच कृतीवर सगळा डाव लावणे तत्त्वतः शक्य असले तरी त्याची गरज नसते.

माझे मत असे आहे की पहिल्या डिप्लोमासाठी दहा ते चौदा मिनिटांची एकच मोठी रोमँटिक कृती घ्यावी आणि तिच्याभोवती अठराव्या शतकातला एक सोनाटा, एखादा बाख आणि विसाव्या शतकातले काहीतरी छोटे बसवावे. वीस मिनिटांवरच्या कृती त्यापुढच्या पायरीसाठी ठेवाव्यात. ४० मिनिटांच्या कार्यक्रमात शोपँचा बी मायनर सोनाटा घेतला तर जेमतेम बारा-तेरा मिनिटे उरतात, आणि तेवढ्यात स्कार्लात्तीचे दोन सोनाटे आणि दबुसीचा एखादा प्रेल्यूड यांच्यापलीकडे काही मावत नाही. असा कार्यक्रम चांगला होऊ शकतो, पण त्यात चूक झाकायला जागा नसते.

पुनरावृत्तीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. बी मायनर सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटमधील एक्स्पोझिशन, म्हणजे मुख्य धुना मांडणारा सुरुवातीचा टप्पा, पुन्हा वाजवले तर चार मिनिटांच्या आसपास वेळ वाढतो. त्याच्या आधीच्या बी फ्लॅट मायनर सोनाटात तर पुनरावृत्ती कुठून सुरू करायची याविषयीच मतभेद आहेत: काही आवृत्त्या सुरुवातीच्या चार बारांच्या (तालाच्या आवर्तनांच्या) संथ ‘ग्राव्हे’नंतर परत जायला सांगतात, तर काही अभ्यासकांच्या मते ते ‘ग्राव्हे’सुद्धा पुन्हा वाजवायला हवे. अशा कृतीत आपण काय करणार हे आधी ठरवून, तसे वाजवून, घड्याळ लावून मोजावे. ध्वनिमुद्रणावर छापलेली वेळ स्वतःची समजू नये. आपण सहसा त्याहून सावकाश वाजवतो आणि मूव्हमेंटच्या मधले श्वासही वेळेत धरले जातात.

शेवटची पाने आधी

शोपँच्या चार बॅलडांची तुलना केली की कोडाचा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो, आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांमध्ये हीच बॅलड सर्वाधिक घेतली जात असल्याने त्यांच्याकडे थोडे बारकाईने पाहणे योग्य ठरेल.

पहिले, जी मायनर, ओपस २३, हे १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बहुतांश पाने मध्यम गतीची, सहा-चारच्या तालातली आहेत आणि ती आठवी ग्रेड नीट झालेल्या हाताला अवघड जात नाहीत. मग २०८ व्या बारापासून ‘प्रेस्तो कोन फुओको’ (अतिजलद, आवेशाने) सुरू होते, ताल बदलतो, उजवा हात एकाच वेळी उड्या मारतो आणि कॉर्ड धरतो, डावा हात तळातून वर झेपावतो, आणि हे सगळे जवळजवळ सत्तावन्न बार चालते. या कोडात नेमके काय लागते? बोटांची चपळाई लागतेच, परंतु त्याहून अधिक लागते ती मनगटाची सैल, आडवी हालचाल. ज्याचे मनगट वेगात ताठ होते त्याला पहिली वीस बार वाजवता येतात आणि त्यानंतर हाताचा पुढचा भाग दगडासारखा होतो. म्हणून हे बॅलड घेण्यापूर्वी कोडाची पहिली सोळा बार ठरलेल्या गतीच्या दोन-तृतीयांश गतीने, न थांबता, सलग तीन वेळा वाजवावीत. तिसऱ्या वेळी हात पहिल्या वेळेइतकाच मोकळा असेल तर कृती आपल्या आवाक्यात आहे. दुखू लागला असेल तर ती अजून एक वर्ष दूर आहे, आणि हे आज कळणे सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा कितीतरी बरे.

दुसरे, एफ मेजर, ओपस ३८, शोपँने शूमानला अर्पण केले. ते भोळ्या, लोकगीतासारख्या धूनेने सुरू होते, अचानक वादळात शिरते आणि शेवटी ए मायनरमध्ये, अगदी हलक्या आवाजात विझते. त्याची वादळी पाने ४७ व्या बारापासूनच येतात, त्यामुळे निदान फसगत होत नाही. काय वाढून ठेवले आहे ते लवकर समजते. शेवटच्या ‘अजितातो’ (अस्वस्थ, खळबळत्या) भागामध्ये उजव्या हाताला जलद दुहेरी स्वर सांभाळावे लागतात. मला वाटते, हे बॅलड डिप्लोमासाठी जेवढे घ्यायला हवे तेवढे घेतले जात नाही, कारण त्याचा शेवट टाळ्या खेचणारा नाही. परीक्षेला टाळ्यांची गरज नसते. इतक्या गडगडाटानंतर तो शेवटचा हलका प्रवेश ज्याला सांभाळता येतो त्याचे वादन परीक्षकाच्या लक्षात राहते.

तिसरे, ए फ्लॅट मेजर, ओपस ४७, १८४१ सालचे. चौघांत तांत्रिकदृष्ट्या हे सर्वांत सोपे मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण याला स्वतंत्र, धगधगता कोडा नाही. अडचण मध्ये आहे: सी शार्प मायनरमधल्या भागात डावा हात सतत सोळांश स्वरांत फिरतो आणि त्याच्यावर उजव्या हाताने मूळ धून उभी करायची असते. ज्याचा डावा हात बाखच्या सरावाने तयार झाला आहे त्याने हे बॅलड विचारपूर्वक घ्यावे. ‘सोपे’ या शब्दाने संकोचू नये.

चौथे, एफ मायनर, ओपस ५२, १८४२ सालचे. त्याविषयी वर सांगितलेच. त्यातला कोडा केवळ २११ ते २३९ या बारांएवढा छोटा आहे, पण त्याच्या आधी सी मेजरचे अतिशय हलके, लांबवलेले कॉर्ड येतात, आणि त्या शांततेतून थेट दुहेरी स्वरांच्या वणव्यात उडी घ्यावी लागते. हाताला गरम व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय कोडाच्या पुष्कळ आधी, धून स्वतःच्याच मागे फ्यूगसारखी धावते तो भाग स्मरणशक्तीची कसोटी घेतो. ज्याने पहिले किंवा तिसरे बॅलड मैफलीत दोन-चार वेळा वाजवलेले आहे अशा विद्यार्थ्यानेच हे पुढच्या पायरीच्या डिप्लोमासाठी घ्यावे, असे मी आता ठामपणे सांगतो.

शेवटापासून मागे विचार करण्याचा दुसरा उपयोग गती ठरवण्यासाठी होतो. शूमानच्या जी मायनर सोनाटाच्या, म्हणजे ओपस २२ च्या, पहिल्या मूव्हमेंटवर ‘शक्य तितक्या वेगाने’ अशी जर्मन सूचना आहे, आणि पुढे कोडामध्ये ‘अधिक वेगाने’ आणि मग ‘आणखी वेगाने’ असे लिहिलेले आहे. सूचना शब्दशः घेऊन पहिल्याच बारात आपली कमाल गती गाठली तर शेवटी जायला जागा उरत नाही. म्हणून आधी कोडा ज्या गतीत स्वच्छ वाजतो ती गती शोधावी, तिच्याखाली दोन पायऱ्या उतरावे आणि ती सुरुवातीची गती मानावी. एवढे करूनही सुरुवात वेगवान आणि आवेशपूर्ण वाटली तरच हा सोनाटा घ्यावा. या सोनाटाची एक गोष्ट विद्यार्थ्यांना धीर देणारी आहे. त्याचा मूळचा शेवटचा भाग फार अवघड असल्याचे पुढे त्याची पत्नी झालेल्या पियानोवादक क्लाराने सांगितले आणि शूमानने १८३८ मध्ये त्याऐवजी नवा, अधिक सोपा शेवट लिहिला. स्वतः संगीतकारानेसुद्धा वादकाचा हात विचारात घेतला होता, तर आपण तो घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शूमानच्याच सी मेजर फँटसीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन्ही हात एकाच वेळी विरुद्ध दिशांना लांब उड्या घेतात. जगभरातले कसलेले वादक तिथे चुकतात. ती दोन पाने दहापैकी सात वेळा बरोबर येत असली तर मैफलीसाठी ते ठीक आहे, परंतु परीक्षेच्या खोलीत विद्यार्थ्याचे मन त्या पानांकडे आधीच्या दहा मिनिटांपासून धावत राहते आणि त्या धास्तीने पहिला भाग बिघडतो. एखाद्या ठिकाणाची भीती सबंध कृतीवर सावली टाकत असेल तर ती कृती परीक्षेसाठी घेऊ नये, मग ती कितीही प्रिय असो. ती स्वतःसाठी शिकावी.

हात आणि वाद्य

दोन्ही हातांचा पसारा मोजून ठेवावा. अंगठा आणि करंगळी यांच्यात नवव्या स्वरापर्यंत आरामात पोहोचता येते का, दहाव्यापर्यंत कॉर्ड न तोडता पोहोचता येते का, हे ब्राम्स आणि फ्राँक यांच्याबाबतीत निर्णायक ठरते. सेझार फ्राँकची १८८४ सालची ‘प्रेल्यूड, कोराल ए फ्यूग’ ही अत्यंत गंभीर आणि परीक्षेला शोभणारी कृती आहे, परंतु तिच्यातले पसरलेले कॉर्ड लहान हाताला सतत तोडून वाजवावे लागतात आणि मग कोरालची भव्यता जाते. लहान हाताच्या विद्यार्थ्याला मेंडेल्सनची ‘व्हारियास्याँ सेरियोज’ आवर्जून सुचवावी. १८४१ मध्ये बॉनमधल्या बेटहोव्हेनच्या स्मारकासाठी निधी उभारणाऱ्या संग्रहाकरिता ती लिहिली गेली. डी मायनरमधली एक संयत धून, तिच्यावरची १७ व्हेरिएशन्स, मध्ये एक छोटे फ्यूगसारखे रूप, चौदाव्यात अचानक उजळलेले डी मेजर आणि शेवटी प्रेस्तो. परीक्षेच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की प्रत्येक व्हेरिएशन वेगळ्या प्रकारचे कौशल्य दाखवते आणि एखादे थोडे हुकले तरी पुढचे नव्याने सुरू होते. क्लारा शूमानची ओपस २० ही व्हेरिएशन्ससुद्धा याच जातीची आहेत: १८५३ साली रॉबर्टच्या धूनेवर लिहिलेली, साधारण दहा मिनिटांची, एफ शार्प मायनरमधली आणि अजून पुरेशी ऐकली न गेलेली. ती यादीत नसतील तर स्वतःच्या पसंतीच्या वेळेत बसतात का, ते पुस्तिकेत पाहावे.

आपल्याकडे वाद्याचा प्रश्न वेगळाच गंभीर आहे. मुंबई-पुण्यातले पुष्कळ विद्यार्थी सदनिकेत डिजिटल पियानोवर किंवा अपराइटवर (उभ्या पियानोवर) सराव करतात आणि ग्रँड पियानोला त्यांचा हात थेट परीक्षेच्या दिवशी लागतो, तर कधी उलटही घडते: वर्षभर शिक्षकांच्या ग्रँडवर सराव होतो आणि परीक्षेच्या खोलीत जुना अपराइट असतो. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच ती पुन्हा दाबता येते. १८२१ मध्ये सेबास्त्यँ एरारने पेटंट घेतलेल्या यंत्रणेची ही देणगी आहे. अपराइटमध्ये पट्टी बरीच वर यावी लागते. त्यामुळे एकाच स्वराची जलद आवर्तने असलेली कृती, किंवा ‘व्हाले द ओबरमान’च्या शेवटासारखी सतत धडधडणाऱ्या कॉर्डांची कृती, अपराइटवर दुप्पट कष्टाची होते. डाव्या पेडलचेही तसेच आहे. ग्रँडमध्ये त्याने संपूर्ण पट्ट्यांचा संच बाजूला सरकतो आणि स्वराचा रंगच बदलतो; अपराइटमध्ये हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात आणि आवाज थोडा कमी होतो. ज्या कृतीचा सगळा आत्मा त्या बदललेल्या रंगात आहे ती कोणत्या वाद्यावर वाजवावी लागणार हे माहीत नसताना निवडणे धोक्याचे ठरते. परीक्षा केंद्रातल्या वाद्याची चौकशी अर्जापूर्वी करावी. विचारण्यात संकोच करू नये.

त्यात पावसाळा असतो. मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने लाकूड आणि नमदा फुगतो, पट्ट्या जड होतात, काही वर यायला उशीर करतात. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका दमट दुपारी एका केंद्रात स्केर्झो वाजवत असताना मधली एक पट्टी खालीच राहिली. ती न थांबता पुढे गेली, कारण तिची कृती त्या एका पट्टीवर अवलंबून नव्हती. परीक्षेचा हंगाम पावसाळ्यात येणार असेल तर चमकदार, हलक्या बोटांच्या कृतीपेक्षा जाड, सुरेल पोताची कृती निवडणे शहाणपणाचे आहे. ध्वनिचित्रमुद्रण पाठवून देण्याची सोय ज्या परीक्षांत आहे तिथे हा धोका बराच कमी होतो, मात्र ते मुद्रण सलग, कापाकापी न करता करायचे असते. कोडा थकल्या हाताने वाजवण्याची कसोटी तिथेही टळत नाही.

मंद पाने

आतापर्यंत जलद पानांविषयी लिहिले, कारण विद्यार्थी तिथे अडकतात. परंतु गुणांचा मोठा भाग मंद पानांवर ठरतो, आणि इथे आपल्या हिंदुस्थानी संगीताचा कान उपयोगी पडतो. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ठाऊक असते की दोन स्वरांमधली जागा रिकामी नसते. ब्राम्सच्या ओपस ११८ मधला ए मेजर इंटरमेझो किंवा त्याच संचातला शेवटचा, ई फ्लॅट मायनरचा, त्या जागेवरच उभा आहे. १८९३ सालच्या या सहा रचना क्लाराला अर्पण केलेल्या आहेत. त्यांत बोटांची आतषबाजी जवळजवळ नाही, म्हणून विद्यार्थी त्यांना सोप्या समजून घेतात आणि मग परीक्षेत पंचवीस मिनिटे एकाच करड्या रंगात वाजवतात. मधल्या आवाजातली धून वरच्या धूनेच्या सावलीत न जाता ऐकू आली पाहिजे, पेडल अर्धे उचलता आले पाहिजे, आणि प्रत्येक वाक्य कुठे संपते हे वादकाला नक्की माहीत असले पाहिजे. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला हे जमत नाही असे मी म्हणणार नाही. जमलेले मी पाहिले आहे. पण ओपस ११८ सबंध घेण्याआधी त्यातला एकच इंटरमेझो चार लोकांसमोर वाजवून पाहावा. दुसऱ्या मिनिटाला ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली तर कारण शोधावे. बहुधा ते डाव्या हाताच्या अतिरेकी आवाजात सापडते.

आवृत्ती आणि टिपण

निवड करताना कोणती छापील प्रत वापरणार याचाही विचार व्हावा. शोपँच्या कृती फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड या तिन्ही देशांत जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध होत आणि त्यांच्या पाठांत फरक राहत. जी मायनर बॅलडच्या सातव्या बारातल्या डाव्या हाताच्या कॉर्डात डी आहे की ई फ्लॅट, यावर आवृत्त्यांत एकमत नाही. तो एकच स्वर आहे, परंतु तो सुरुवातीच्या वाक्याच्या शेवटी, सगळे शांत असताना येतो. कोणता घेतला आणि का, हे कार्यक्रम-टिपणात किंवा मौखिक प्रश्नोत्तरे असतील तर तिथे सांगता आले पाहिजे. हेनले, पीटर्स किंवा यान एकिएर यांनी संपादित केलेली पोलंडची राष्ट्रीय आवृत्ती यांपैकी एक मुख्य प्रत म्हणून घ्यावी आणि फ्रेंच पियानोवादक कोर्तोची आवृत्ती सरावाच्या युक्त्यांसाठी शेजारी ठेवावी. इंटरनेटवरून मिळालेली, जुन्या संपादकाने मनाने पेडल आणि जोड-रेषा घातलेली प्रत एकमेव आधार म्हणून वापरू नये.

निर्णयाचे तीन आठवडे

दोन किंवा तीन कृती मनात ठरल्या की त्यांना प्रत्येकी एक आठवडा द्यावा. पहिले दोन दिवस फक्त शेवटची आणि सर्वांत अवघड पाने, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मंद भाग, मग सबंध कृती सावकाश एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कितीही अडखळत का होईना. सातव्या दिवशी आधीपासून येत असलेला सोनाटा आणि बाख वाजवून, त्यांना लागूनच, मधे न उठता, नव्या कृतीचा कोडा सावकाश वाजवावा. ताज्या हाताने येणारी आणि अर्ध्या तासाच्या वादनानंतर येणारी पाने सारखी नसतात, आणि परीक्षेत दुसरीच ऐकली जातात. तीनही आठवडे संपल्यावर काही दिवस पियानोपासून दूर राहून पाहावे की कोणती धून आपोआप ओठांवर येते. हात आणि ओढ दोन्ही एकाच कृतीकडे बोट दाखवत असतील तर प्रश्न सुटला. नसतील तर हाताचे ऐकावे आणि दुसरी कृती पुढच्या परीक्षेसाठी वहीत लिहून ठेवावी.

तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या वर्षाचे भान ठेवावे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे नोव्हेंबरपासून सराव निम्म्यावर येतो. दहा-बारा मिनिटांच्या कृतीला शिकण्यापासून मैफलीत दोनदा वाजवण्यापर्यंत मी नऊ ते बारा महिने धरतो, आणि त्यातले शेवटचे तीन नवीन काहीही न शिकता केवळ लोकांसमोर वाजवण्यासाठी राखतो. घरचे, शेजारचे, शिक्षकांचे इतर विद्यार्थी, कोणीही चालते, फक्त वाद्य दर वेळी वेगळे मिळाले तर बरे.

निवड पक्की झाली की अर्जावर कृतीचे नाव, ओपस क्रमांक, स्वरश्रेणी आणि स्वतः मोजलेली वेळ शिक्षकांकडून तपासून लिहावी. मग पहिल्याच दिवशी कोडाची शेवटची आठ बार उघडावीत, ती स्वच्छ झाली की त्याआधीची आठ, मग त्याआधीची, अशा रीतीने मागे मागे येत राहावे. परीक्षेच्या दिवशी वादन जसजसे पुढे सरकेल तसतसा हात अधिकाधिक ओळखीच्या पानांवर पोहोचेल.